अर्ध्यावर राहिलेले ‘ख्रिस्तायन’ : टिळकांच्या घरातल्या आत्मिक वारशाचा प्रकरण अभ्यास

९ मे १९१९ रोजी मुंबईत मराठी कवी आणि ख्रिस्ती धर्मोपदेशक रेव्हरंड नारायण वामन टिळक वारले. वय ५७. घर-जमीन, पैसा असे वाटण्यासारखे काही त्यांनी मागे ठेवले नव्हते. साताऱ्याला जेमतेम दोन वर्षांपूर्वी उभे केलेले ‘देवाचा दरबार’ नावाचे बंधुमंडळ होते. ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या पत्राचे मराठी अंग ते १९१२ पासून सांभाळत होते, ती खुर्ची रिकामी झाली. शंभराहून अधिक ख्रिस्ती गीते होती. येशूच्या चरित्रावरचे ‘ख्रिस्तायन’ नावाचे ओवीबद्ध महाकाव्य होते, पण त्याचे दहा-अकरा अध्यायच झाले होते. आणि घरात पन्नाशीची बायको होती, जिने शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

यातले कोणाला काय मिळाले, हे पाहण्यासाठी हा लेख. (हे टिळक म्हणजे लोकमान्य नव्हेत. दोघे समकालीन, एवढेच. नव्या वाचकांचा गोंधळ होतो म्हणून सांगितले.)

हे प्रकरण निवडण्यामागे माझे एक कारण आहे. आमच्या चर्चच्या मंडळ्यांमधून हल्ली ‘मेंटरिंग’ हा शब्द फार ऐकू येतो. तरुणांच्या हातात वही दिली जाते, आठवड्याचे प्रश्न दिले जातात, एकेकामागे एक वडीलधारा नेमला जातो. हेतू चांगलाच आहे. मी अशा गटात शिकले आहे आणि एक गट चालवलाही आहे. पण वर्षभराने मागे वळून पाहिले की माझ्या गटातली मुले विश्वासात वाढलेली दिसतात ती भलत्याच कोणामुळे: कोणाच्या आजीमुळे, कोणाच्या शेजारच्या काकूंमुळे, एकाच्या बाबतीत तर चर्च झाडणाऱ्या मामांमुळे. सातबाऱ्यावर वारसाचे नाव चढवावे तसे आम्ही नाव चढवतो आणि जमीन कसतो दुसराच. हे असे का होते, हे मला टिळकांच्या घराकडे पाहून थोडे समजले.

टिळकांना स्वतःला कोणाकडून मिळाले?

जन्म ६ डिसेंबर १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातले करजगाव. नाशकात गणेशशास्त्री लेले यांच्या हाताखाली संस्कृत शिकले. ही पहिली गुरुपरंपरा, आणि ती त्यांनी पुढे कधी टाकली नाही. त्यांची ख्रिस्ती गीते वाचताना तो कान लगेच ओळखू येतो. पुढे नागपूरला संस्कृत ग्रंथांवरचे काम, तिथून राजनांदगाव. १८९३ च्या सुमारास तिकडे जाताना आगगाडीच्या डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाच्या मिशनऱ्याशी गाठ पडली. गप्पा कवितेपासून सुरू झाल्या. उतरताना त्या माणसाने नवा करार हातात दिला, तो पूर्ण वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांनी मनावर घेतले ते वचन. शब्द दिला म्हणून वाचायला बसले आणि येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी येऊन थांबले. ती पाने त्यांना सोडवेनात.

एका प्रवासापुरती ओळख. त्यानंतर वॉर्ड रोज त्यांच्या दारी आला नाही, पाठपुरावा केला नाही. टिळकांनी आपले प्रश्न विचारले ते नाव न घालता लिहिलेल्या पत्रांतून, ‘ज्ञानोदय’ चालवणाऱ्या डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांना. पलीकडचा माणूस कोण, हे ठाऊक नसताना अ‍ॅबट उत्तरे देत राहिले. मला ही पत्रे फार मोलाची वाटतात. आपला शिष्य कोण, कोणत्या जातीचा, आपल्या आकड्यात भर घालणार की नाही, यातले काही माहीत नसताना उत्तर देत राहणे सोपे नाही.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा झाला, तो गोऱ्या मिशनऱ्याच्या हातून नव्हे, रेव्हरंड तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून. संत तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक पुढे म्हणत. म्हणजे त्यांना मिळालेला वारसाही एकाच हातून आलेला नव्हता. देहूचे अभंग, नाशिकचे शास्त्रीबुवा, आगगाडीतला सहप्रवासी, न पाहिलेला संपादक. आपण ज्याला ‘माझा आत्मिक पिता’ म्हणतो, त्याच्यामागे अशी चार-पाच माणसे उभी असतात आणि साक्ष देताना आपण एकाचेच नाव घेतो.

आता या प्रकरणातला सगळ्यात अवघड भाग.

लक्ष्मीबाईंचे लग्न १८८० साली झाले तेव्हा त्या अकरा-बारा वर्षांच्या होत्या. माहेर नाशिकजवळचे जलालपूर, वडील कडक सोवळ्याचे. इतके की घरातली माणसे त्या सोवळ्याखाली दबून गेली होती. अशा घरातली मुलगी, आणि तिच्या नवऱ्याने तिला आधी न सांगता बाप्तिस्मा घेतला. पदरात लहान मूल. नवरा जिवंत आणि तरी हातचा गेलेला. पुढची जवळपास पाच वर्षे त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, त्यातला बराच काळ पंढरपुरात.

टिळकांच्या भक्तांपैकी पुष्कळ जण इथे घाईघाईने पुढे जातात, कारण शेवट गोड झाला हे त्यांना माहीत असते. मी तसे करणार नाही. ज्याने प्रीतीवर इतके लिहिले, त्याने आपल्या सर्वांत जवळच्या माणसाला त्या निर्णयात घेतले नाही, आणि त्याची झळ तिनेच सोसली. टिळकांची अडचण समजून घेता येते: आधी सांगितले असते तर सगळे कुळ आडवे पडले असते. तरी झाले ते झाले. आत्मिक मार्गदर्शक निष्कलंक असतो म्हणून त्याचा वारसा चालतो, असे ज्याला वाटते त्याने हे प्रकरण इथे थांबून वाचावे.

पुढे घडले ते मात्र मार्गदर्शक म्हणून टिळकांच्या जमेला धरायला हवे. लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या आपल्या सोवळ्या-ओवळ्यासकट. त्यांची चूल वेगळी, पाणी वेगळे. टिळकांनी ते चालू दिले. ते आता मिशनचे माणूस होते, नगरच्या ख्रिस्ती समाजात शिकवत होते आणि त्यांच्याच घरात बायको कोणाच्या हातचे पाणी पीत नव्हती. लोक काय म्हणत असतील याची कल्पना करा. तरी त्यांनी तिच्यावर बाप्तिस्मा लादला नाही.

मग एक दिवस लक्ष्मीबाईंच्या मनात एक प्रश्न उभा राहिला: जात देवाने केली की माणसाने? त्या तो प्रश्न एकट्याच घोळवत बसल्या. देवाने केली असती तर पशुपक्ष्यांत जशी वेगवेगळी रूपे दिसतात तशी माणसांतही दिसली असती. तसे तर काही दिसत नाही. त्यांचा निर्णय झाला आणि उठून त्यांनी सांगून टाकले की आता मी कोणाच्याही हातचे खाईन. हा उजेड त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्याच तर्काने पडला. एवढ्या वर्षांत नवऱ्याने वाद घालून जे झाले नसते ते त्याने वाट पाहिल्यामुळे झाले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. बत्तिसाव्या वर्षी.

माझ्या मते या प्रकरणाची किल्ली ही मधली पाच वर्षे आहेत. ज्याला ‘नाही’ म्हणायची मुभा मिळते, त्याचाच ‘हो’ पुढे वारसा पेलतो.

दुसरा वारस याहून अनपेक्षित. १९०७ साली जळगावला पहिले मराठी कविसंमेलन भरले. अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. धरणगावचा सतरा वर्षांचा एक मुलगा तिथे उभा राहून कविता म्हणाला आणि तिथेच त्याला ‘बालकवी’ हे नाव मिळाले. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. टिळकांनी त्याला नगरला आपल्या घरी आणले आणि तो त्या घरात मुलासारखा राहिला. टिळक कविता पाहत, लक्ष्मीबाई जेवण्याखाण्याचे, दुखण्याखुपण्याचे पाहत.

ठोंबरे ख्रिस्ती झाले नाहीत. रेव्हरंड टिळकांच्या ताटाला ताट लावून जेवले आणि शेवटपर्यंत हिंदू राहिले. आज एखाद्या पाळकाने असे केले तर मंडळीतले दोघे-तिघे तरी विचारतील, इतकी वर्षे घरात ठेवून ‘फळ’ काय मिळाले? फळ ‘औदुंबर’ आहे, ‘फुलराणी’ आहे. मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येक मुलाच्या तोंडी ते फळ आहे. फुलामुलांकडे, ओढ्याकडे, उन्हाकडे देवाची करणी म्हणून पाहण्याची टिळकांची दृष्टी आणि त्या मुलाची स्वतःची दृष्टी एकमेकींत इतकी मिसळली आहे की कोणाचे कोणते हे वेगळे काढता येत नाही. मला हाही आत्मिक वारसाच वाटतो आणि हे मी जपून, विचार करून लिहीत आहे. प्रभूने दहा कुष्ठरोगी बरे केले तेव्हा आभार मानायला एकच परत आला. बाकीच्या नऊ जणांचे बरे होणे त्याने काढून घेतले नाही.

५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली सापडून बालकवी गेले. वय अवघे २७. टिळकांना त्यानंतर एकच वर्ष मिळाले.

या शेवटच्या वर्षांत टिळक स्वतः आपल्या वारशाची व्यवस्था लावत होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला. कल्पना त्या काळाच्या फार पुढची होती: येशूच्या शिष्यांचे एक बंधुमंडळ, त्यात बाप्तिस्मा घेतलेले असतील आणि न घेतलेलेही, परदेशी पैशावर उभे नसलेले, इथल्या मातीचे. पंढरीच्या वाटेवरचा फड डोळ्यांसमोर आणावा, तसे काहीसे. टिळकांना आपला खरा वारसा इथे ठेवायचा होता.

तो टिकला नाही. टिळक गेले आणि दरबार उठला.

का? मला दोन कारणे दिसतात. एक साधे: वेळ मिळाला नाही. दुसरे जरा खोलवरचे. दरबार टिळकांच्या व्यक्तित्वाभोवती गोळा झाला होता. लोक त्यांच्या वाणीने, कीर्तनाने ओढले गेले. पण त्यांच्याबरोबर भांडलेले, रुसलेले, उपाशी राहिलेले, त्यांचा संताप पाहिलेले आणि तरी थांबलेले असे किती जण असतील? प्रभावाने गोळा झालेली माणसे प्रभावाबरोबर पांगतात. हे लिहिताना मला आमच्याकडच्या काही सभांची आठवण होते आणि काळजी वाटते.

ज्या माणसाने टिळकांचे हे सगळे पाहिले होते, ते माणूस घरातच होते.

‘ख्रिस्तायन’ टिळकांनी १९०९ च्या सुमारास हाती घेतले होते. ज्ञानेश्वरीने, तुकारामाने महाराष्ट्राच्या जिभेवर जसे घर केले तसे येशूचे चरित्र ओवीतून घरोघर जावे ही तळमळ. दहा वर्षांत दहा-अकरा अध्याय. मधे ‘ज्ञानोदय’, मधे वर्ग, मधे दरबार. ते गेल्यावर हे बाड कोण पुढे नेणार? समाजात शिकलेले, धर्मशास्त्र जाणणारे, इंग्रजी येणारे पुरुष होते. काम केले लक्ष्मीबाईंनी. थोडेथोडके नाही, चौसष्ट अध्याय. पतीने लिहिले त्याच्या सहापट.

औपचारिक शिक्षण नाही, छंदशास्त्राचा अभ्यास नाही. होते काय? जात्यावरच्या ओवीचा कान. लहानपणापासून ऐकलेली पुराणे-कीर्तने. नगरमध्ये ख्रिस्ती कीर्तन टिळकांच्याही आधीपासून होते, कृष्णराव सांगळ्यांनी ते रुजवले होते. लक्ष्मीबाई स्वतः कीर्तन करीत. आणि जवळजवळ चाळीस वर्षे एका कवीच्या सोबतीत त्याचा शब्द पडताना, खोडला जाताना, पुन्हा उभा राहताना ऐकलेला. हे शिकवणे कोणी ठरवून केलेले नव्हते. घरात कविता व्हायची आणि त्याच घरात चूलही पेटायची, दोन्ही एकाच श्वासात.

बायबलमध्ये अलीशाने आपला गुरू एलीया याच्याकडे त्याच्या आत्म्याचा दुप्पट वाटा मागितला, ही गोष्ट वारशाच्या प्रवचनात हमखास येते. तिथे माझे लक्ष आता मागण्याआधीच्या वाक्यांवर जाते. एलीया तीन वेळा म्हणतो, तू इथेच थांब. तीन वेळा अलीशा म्हणतो, मी तुम्हाला सोडणार नाही. वाटा नंतर, आधी ती चाल: गिलगालपासून बेथेलपर्यंत, बेथेलपासून यरीहोपर्यंत, तिथून यार्देनेपर्यंत. लक्ष्मीबाईंची चाल जलालपूर, पंढरपूर, नगर, सातारा, मुंबई अशी होती, आणि त्यातली पहिली काही वर्षे तर मागे टाकलेल्या बाईची होती.

टिळकांनंतरची त्यांची काही वर्षे मुलाच्या कुटुंबाबरोबर कराचीत गेली. मुलगा देवदत्त वडिलांचे चरित्र लिहायला बसला होता. त्याने आईला सांगितले, तुला आठवते ते लिहून दे. त्या लिहीत गेल्या. हाती आले ते चरित्राला पुरवणी म्हणून लावण्यासारखे नव्हते, ते स्वतःच्या पायावर उभे होते. ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने छापून आले. पुस्तकाची थोरवी सगळ्यांना ठाऊक आहे, ती मी सांगत नाही. मला त्यातल्या एकाच गोष्टीविषयी बोलायचे आहे: त्यांनी नवऱ्याला संत करून ठेवले नाही. त्याचा भाबडेपणा, संताप, पैशाच्या बाबतीतला बेहिशेब, सगळे लिहिले, आणि तेही अशा मायेने की वाचणारा टिळकांच्या प्रेमात पडतो. गुरूच्या चुका झाकणारा शिष्य त्याची मूर्ती सांभाळतो. चुकांसकट सांगणारा शिष्य त्याचा जिवंतपणा पुढे देतो. टिळकांची चांगली माहिती देणारी चरित्रे आहेत. पण टिळक आजही खोकताना, चिडताना, हसताना ऐकू येतात ते बायकोच्या पुस्तकातून.

आणखी एक फांदी थोडक्यात. जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन मिशनरी नगर भागात होते, टिळकांचा त्यांच्यावर खोल ठसा उमटला आणि त्यांनी टिळकांचे इंग्रजी चरित्र लिहिले. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला: भारतीय वेष, आश्रमाची राहणी, देशी-परदेशी एका पंगतीत. पुढे तो पुण्यात स्थिरावला. आदिवासींमध्ये काम केलेले व्हेरिअर एल्विन भारतात आले ते याच संघात. दरबाराचे बी साताऱ्यात उगवले नाही, त्यातले काही इथे येऊन रुजले, असे मला वाटते. अ‍ॅबटही उतारवयात अमेरिकेत बसून महाराष्ट्राच्या संतकवींची इंग्रजी भाषांतरे करत राहिले. ज्याने टिळकांना ख्रिस्ताविषयी उत्तरे लिहिली, तो शेवटी तुकाराम-एकनाथांचा विद्यार्थी झाला. कोणी कोणाला काय दिले, हे सांगता सांगता माणूस थकतो.

आता आपल्या गटांकडे येते. बायबलमधल्या पौलाने आपल्या तरुण शिष्याला, तीमथ्याला, दुसरे पत्र लिहिले तेव्हा सुरुवातीलाच आजी लोईस आणि आई युनीके यांची नावे घेतली: तुझा विश्वास आधी त्यांच्यात वसत होता. एवढा मोठा प्रेषित, ज्याने तीमथ्याला ‘लेकरा’ म्हणावे, तोही म्हणतो की पाया मी घातला नाही. आमच्या मार्गदर्शकांनी आपल्या मुलांना पहिल्या बैठकीत हे विचारावे असे मी सुचवीन: तुझ्या घरी प्रार्थना कोण म्हणायचे? आणि उत्तर आले की वही बाजूला ठेवून त्या माणसाला भेटायला जावे.

माझ्या घरी आजी म्हणायची. ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहाची तिची प्रत माझ्याकडे आहे. पुठ्ठा गेलेला, शिवण दोनदा घातलेली, कडांना पिठाचे आणि तेलाचे डाग. तिला वाचता येत नव्हते. तरी रोज संध्याकाळी पुस्तक उघडून ती ओळीखाली बोट फिरवीत म्हणायची आणि बोट बरोबर शब्दापाशी असायचे. टिळकांची गीते कुठली हे तिला पानांवरून नाही, पानांच्या मळण्यावरून कळायचे. ती पाने जास्त काळी आहेत. मी सात-आठ वर्षांची असताना एकदा तिने ओळ मधेच सोडली आणि माझ्याकडे पाहिले. मी पुढची म्हटली. त्यानंतर ती रोज एक ओळ सोडायची, मग दोन. शेवटच्या वर्षी ती फक्त बोट फिरवायची.

‘ख्रिस्तायन’चे काम लक्ष्मीबाईंच्या हातूनही शेवटाला गेले नाही. २४ फेब्रुवारी १९३६ ला त्या गेल्या तेव्हा एक अध्याय राहिला होता. तो देवदत्तांनी लिहिला.